बुडालेली सुट्टी : पाळीतील कामगाराचे आजारपण आणि त्याचा विश्रांतीचा दिवस

साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणाची रजा यांच्या नोंदी हजेरीपटावर शेजारशेजारच्या रकान्यांत होत असल्या, तरी त्या दोहोंचे प्रयोजन मुळातच वेगळे आहे. साप्ताहिक सुट्टी कामगाराने आधीच कमावलेली असते. सहा दिवसांच्या कामाने शरीरात साचलेला शीण उतरावा आणि घर, मुले, नातीगोती, बाजारहाट यांच्यासाठी आठवड्यातला एक दिवस तरी हाती उरावा, यासाठी ती असते. आजारपणाची रजा हे काम करण्याची शक्ती काही काळ हरपल्यावर मिळणारे संरक्षण असते आणि त्या दिवसाचे काय करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आजारी माणसाला नसते. हे दोन दिवस एकमेकांवर येऊन पडतात तेव्हा नेमके कोणाचे नुकसान होते, कामगाराचे, मालकाचे की त्याच पाळीतील सहकाऱ्याचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु कारखाने, रुग्णालये, बसआगारे, हॉटेले आणि गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारांवर पाळीने काम करणाऱ्या महाराष्ट्रातील असंख्य माणसांच्या तक्रारी फिरून याच प्रश्नापाशी येतात.

पाळी म्हणजे अखंड चालणाऱ्या कामाचे वेळेप्रमाणे पाडलेले भाग होत. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी तीनला आणि तिसरी, म्हणजेच रात्रपाळी, रात्री अकराला सुरू होते, अशी रचना अनेक कारखान्यांत आढळते. रुग्णालयांत तिलाच मॉर्निंग, इव्हनिंग आणि नाइट म्हणतात. काम सातही दिवस चालू असल्यामुळे सर्वांना रविवारी सुट्टी देता येत नाही, म्हणून प्रत्येकाचा सुट्टीचा दिवस आगाऊ तयार केलेल्या ड्युटी लिस्टमध्ये दाखवला जातो आणि त्याला सरसकट ‘ऑफ’ म्हटले जाते. कचेरीतील कारकून शनिवारी रात्री तापाने फणफणला, तर त्याचा रविवार बुडतो एवढेच. सोमवारची घडी त्यामुळे विस्कटत नाही. पाळीतील कामगाराचा ऑफ मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी हजेरीवर टेकलेला असतो आणि त्याची गैरहजेरी दुसऱ्या कोणाच्या तरी ऑफवर येऊन पडते. आजारपण हा त्याचा खाजगी प्रश्न राहत नाही, तो संपूर्ण ड्युटी लिस्टचा प्रश्न होतो.

या प्रश्नाचे मूळ साध्या अंकगणितात आहे आणि ते अंकगणित समजून घेतल्याशिवाय पुढील सारी चर्चा अधांतरी राहील. चोवीस तास माणूस हवा अशी एक जागा धरली, तर आठवड्यात २१ पाळ्या भराव्या लागतात. एक माणूस आठवड्यात सहाच पाळ्या करू शकत असल्यामुळे त्या जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. अशा दोन जागा एकत्र घेतल्या, की सहा कायम माणसे आणि त्यांचे ऑफ भरून काढणारा एक सातवा माणूस, ज्याला सर्वत्र रिलीव्हर म्हणतात, असा हिशोब जुळतो. कागदावर तो अचूक असतो, कारण त्यात कोणी कधी रजा घेत नाही. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा, आठ पगारी सणांच्या सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिलेली आहे. ३६५ दिवसांतून ५२ ऑफ वजा केल्यावर ३१३ उरतात, त्यातून हे तीन प्रकार वजा केले की सुमारे २८३ दिवस हाती राहतात. दोन जागांना वर्षाला २,१९० पाळ्या लागतात आणि सात माणसे मिळून १,९८१ पाळ्या देऊ शकतात. म्हणजे कोणालाही एक दिवसही ताप आलेला नसताना वर्षाला २०९ पाळ्या कमी पडतात. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे सात दिवस आजारपण धरले, तर एका जागेला चार माणसे लागतात. साडेतीन धरून चालणारी आस्थापना उरलेल्या अर्ध्या माणसाचे काम दुसऱ्यांच्या विश्रांतीच्या दिवसांतून काढून घेत असते.

ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे, कारण पर्यवेक्षकाच्या टेबलावर ती निराळ्याच भाषेत मांडली जाते. आजारी पडलेल्याने ‘दांडी मारली’, त्याच्यामुळे दुसऱ्याचा ‘ऑफ गेला’, असे म्हटले की कमी माणसे नेमण्याचा निर्णय दृष्टीआड होतो आणि दोन कामगार एकमेकांकडे दोषी म्हणून पाहू लागतात.

मुंबईच्या कामगार चळवळीच्या आरंभी विश्रांतीचा दिवस आणि बरे होण्याच्या काळातील वेतन या दोन मागण्या एकाच अर्जात, परंतु वेगवेगळ्या कलमांत मांडल्या गेल्या होत्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांतून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेले. दर रविवारी पूर्ण दिवसाची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे मर्यादित तास आणि महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार यांबरोबरच, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, अशीही मागणी त्यात होती. त्या काळी गिरणीत आठवड्याची सुट्टी हक्काने मिळत नसे आणि ज्या रविवारी यंत्रे बंद असत त्या दिवशीही सफाईसाठी कामगारांना बोलावले जाई. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टीला स्थान मिळाले. विश्रांतीचा दिवस आणि बरे होण्याचा काळ या दोन स्वतंत्र गरजा आहेत, एवढा विवेक त्या निवेदनावर सह्या-अंगठे करणाऱ्यांजवळ होता.

साप्ताहिक सुट्टीची मागणी पुढे कायद्यात पक्की झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा औद्योगिक साप्ताहिक विश्रांतीचा १९२१ चा करार भारताने १९२३ मध्ये स्वीकारला आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तिची तपशीलवार चौकट आखली. त्या कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कामगाराला रविवारी कामावर बोलवायचे असेल, तर त्या दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावी लागते आणि ही अदलाबदल करताना कोणालाही सुट्टीवाचून सलग दहा दिवसांपेक्षा अधिक राबवता येत नाही. ५३ व्या कलमात बदली सुट्टीची तरतूद आहे; कायद्याने दिलेल्या सवलतीखाली ज्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या हिरावल्या जातात, त्यांना त्या महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत तेवढ्याच सुट्ट्या परत द्याव्या लागतात. कामगार तिला ‘सी-ऑफ’ म्हणून ओळखतात. राज्य परिवहन मंडळाच्या चालक-वाहकांसारख्या मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्यात अशाच धर्तीची रचना आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी जुने कायदे आपल्यात सामावून घेतले असले, तरी साप्ताहिक सुट्टी आणि बदली सुट्टी यांची चौकट मोठ्या प्रमाणात तीच ठेवली आहे.

या चौकटीत एक बारकावा रात्रपाळीचा आहे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतील कामगारासाठी पूर्ण दिवसाची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास, असे कारखाना कायद्याचे ५७ वे कलम सांगते. सकाळी सातला पाळी संपवून घरी आलेल्या माणसाचे हे चोवीस तास त्याच क्षणी सुरू होतात आणि त्यातला पहिला प्रहर रात्रीची झोप दिवसा भरून काढण्यात जातो. दिवसपाळीतील कामगाराच्या सुट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक रात्र मोकळी असते. रात्रपाळीतील कामगाराला कायद्याने हमी मिळते ती एकाच रात्रीची. अशा सुट्टीत अंगात कणकण भरली, तर ती सुट्टी जवळजवळ नाहीशी होते.

मूळ प्रश्नाचा पहिला भाग येथे येतो. ठरलेल्या ऑफच्या दिवशी कामगार आजारी पडला, तर तो ऑफ त्याला परत मिळावा काय? कायदा याबाबत मौन पाळतो. त्या दिवशी कामाला लावू नये एवढेच तो सांगतो. तो दिवस निरोगी अवस्थेत जाईल अशी हमी तो देत नाही, आणि आठवड्याच्या एका ऑफपुरते पाहिले तर हे फारसे अन्यायाचे आहे असे म्हणता येणार नाही. प्रत्येक सर्दी-पडशासाठी ऑफची परतफेड सुरू झाली, तर ड्युटी लिस्ट कधीच स्थिरावणार नाही आणि तिचा भार अखेर सहकाऱ्यांवरच पडेल. मात्र दैवाने बुडालेली सुट्टी आणि लेखणीने बुडवलेली सुट्टी यांत फरक केलाच पाहिजे. पहिलीत कोणाचा दोष नसतो. दुसरीत हजेरीपटावर कोणीतरी निर्णय घेतलेला असतो, आणि खरा अन्याय तेथे आहे.

लेखणीने सुट्टी बुडवण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत प्रचलित रीत ‘ऑफ ॲडजस्ट’ करण्याची होय. कामगाराचा ऑफ शुक्रवारी आहे आणि तो मंगळवारी आजारी पडून घरी राहिला, तर मंगळवार हाच त्याचा ऑफ झाला असे मानून शुक्रवारी त्याला कामावर बोलावले जाते. यामुळे रजा खर्ची पडत नाही म्हणून काही कामगारांनाही हे सोयीचे वाटते. पण अंथरुणात काढलेला दिवस विश्रांतीचा दिवस म्हणून मोजला गेला की त्या आठवड्यात त्याला विश्रांती अशी मिळालीच नाही, आणि आजारातून उठलेले शरीर नेमके त्याच आठवड्यात सहा दिवस राबते. सुट्टीची अदलाबदल करायची तर कारखाना कायद्याप्रमाणे तिची सूचना आधी द्यावी लागते. मागाहून हजेरीपटावर अक्षर बदलणे त्यात बसत नाही.

याच रीतीचा दुसरा पदर जादा कामाच्या मोबदल्याशी निगडित आहे. दिवसात नऊ किंवा आठवड्यात ४८ तासांपेक्षा अधिक काम झाले, तर दुप्पट दराने वेतन द्यावे लागते. ही मोजणी प्रत्यक्ष केलेल्या तासांची असते. ज्याने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी ऑफ सोडून तो आला, त्याचे ५६ तास होतात आणि शेवटचे आठ तास दुप्पट दराचे ठरतात; पण जो त्या आठवड्यात दोन दिवस आजारी होता, त्याने ऑफच्या दिवशी येऊन काम केले तरी त्याचे तास ४० च भरतात, आणि कायद्याच्या किमान तरतुदीप्रमाणे त्याला ऑफच्या कामाचा दुप्पट दर मागता येत नाही. ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक, त्याचा ऑफ व्यवस्थापनाला सर्वांत स्वस्त पडतो. मोजक्या आस्थापनांत संघटनांनी करार करून ऑफच्या दिवशीचे काम, आठवड्याचे तास कितीही असोत, दुप्पट दराचे ठरवून घेतले आहे. तसा करार नसेल तेथे ही फट उघडीच राहते.

दुसरी रीत ‘सँडविच रजा’ या नावाने खाजगी क्षेत्रात सर्वपरिचित आहे. ऑफच्या आदल्या दिवशी आणि नंतरच्या दिवशी कामगार रजेवर असेल, तर मधला ऑफही रजा म्हणून धरला जातो. दोन दिवसांच्या आजारपणाचे तीन दिवस होतात. वार्षिक भरपगारी रजेच्या बाबतीत कारखाना कायद्याच्या ७९ व्या कलमाने ही वाट बंद केली आहे, कारण रजेच्या मध्ये किंवा तिच्या कोणत्याही टोकाला येणाऱ्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नाहीत असे ते स्पष्ट सांगते. त्याच कलमात आणखी एक उपयुक्त तरतूद आहे, जी अनेक कामगारांना ठाऊक नसते: एरवी ही रजा घेण्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, पण आजारपणासाठी ती हवी असेल तर मुदतीत अर्ज दिला नसला तरी ती नाकारता येत नाही. स्वतंत्र ‘सिक लीव्ह’ म्हणून दिल्या जाणाऱ्या रजेचे नियम मात्र त्या त्या कंपनीच्या स्थायी आदेशांत किंवा रजा-धोरणात असतात आणि सँडविचचा नियम तेथेच शिरतो.

पगारकपातीचा हिशोबही तपासून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात मासिक किमान वेतनाला २६ ने भागून रोजचा दर काढण्याची पद्धत आहे. महिन्यातील कामाचे दिवस २६ धरून चार साप्ताहिक सुट्ट्यांचे वेतन त्यातच मिसळलेले असते. समजा मासिक वेतन १५,६०० रुपये आहे, तर रोजचा दर ६०० रुपये होतो. हा कामगार दोन आठवडे बिनपगारी आजारी राहिला आणि त्याचे कामाचे १२ दिवस बुडाले, तर ७,२०० रुपयांची कपात न्याय्य ठरते. पगारपत्रकात मधला ऑफही गैरहजेरीत धरून १३ दिवसांचे ७,८०० रुपये कापले जात असतील, तर एकाच ऑफचे वेतन दोनदा कापले जाते, कारण रोजच्या ६०० रुपयांत त्या ऑफचा वाटा आधीच धरलेला होता. हीच पद्धत तीस दिवसांच्या पूर्ण महिन्याला लावली तर कपात १८,००० रुपयांवर जाते, म्हणजे पगारापेक्षाही अधिक होते. एवढ्यावरूनच तिचा चुकीचा पाया उघड होतो. ऑफ धरून कपात करायची असेल, तर भागाकारही तीसने केला पाहिजे. किमान वेतनाच्या १९५० च्या केंद्रीय नियमांनी या बाबतीत सुजाण भूमिका घेतली होती: विश्रांतीच्या दिवसासाठी सलग सहा दिवस सेवा झालेली असावी अशी अट घालताना, त्या सहा दिवसांत मालकाने मंजूर केलेली रजा, पगारी असो वा बिनपगारी, कामाचा दिवस मानली जाईल, असे त्यांत नमूद होते. आजारी पडल्यामुळे ऑफचा हक्क जात नाही, हे तत्त्व त्यात शब्दबद्ध झालेले आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही औद्योगिक विवाद कायद्याखालील २४० दिवस मोजताना रविवार आणि पगारी सुट्ट्या ‘प्रत्यक्ष काम केलेल्या’ दिवसांत धरल्या पाहिजेत, असा निर्वाळा दिला होता.

कामगारांच्या मोठ्या वर्गाला आजारपणात पगार मालकाकडून मिळत नाही, विम्यातून मिळतो. प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालावर उभ्या राहिलेल्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली आणि १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे आली. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी तीत मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो, आणि सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेल्याला आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. ही योजना हजेरीपटाच्या दिवसांवर चालत नाही, दिनदर्शिकेच्या दिवसांवर चालते, म्हणून ऑफशी तिचा संबंध गुंतागुंतीचा होतो. आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षाकाळ म्हणून लाभाविना जातात. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजार उद्भवला तरच ही अट लागत नाही. कामगार गुरुवारी आजारी पडला आणि शुक्रवारी त्याचा ऑफ असेल, तर हा ऑफ प्रतीक्षाकाळात जिरतो. शिवाय ज्या सुट्टीचे वेतन मालकाने दिले त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, असे कायद्याचे ६३ वे कलम सांगते. त्यामुळे मालकाने ऑफचा पगार थांबवला की तो ऑफ सत्तर टक्क्यांचा दिवस होतो. ९१ दिवस म्हणजे बरोबर १३ आठवडे, अर्थात त्या कोट्यात १३ ऑफही खर्ची पडतात. तरीही या योजनेचे एक मोठे श्रेय मान्य केले पाहिजे: तिचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही आणि शिक्षाही करता येत नाही.

शासकीय सेवेतील चित्र वेगळे आहे. सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिकांना विम्याची खटपट करावी लागत नाही. पण रजेचे नियम तेथेही ऑफ गिळतात. केंद्रीय नागरी सेवा रजा नियमांत वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण वेतनाच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते, परंतु तेव्हा रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. आजारपणाचे प्रमाणपत्र ज्या दिवशी मिळाले त्याच्या आधीची सुट्टी रजेत मोजली जात नाही. त्यानंतर येणारी सुट्टी मात्र रजेचाच भाग होते. गुरुवारी प्रमाणपत्र घेतलेल्या आणि सोमवारी रुजू झालेल्या कर्मचाऱ्याची शनिवारी सुट्टी असेल, तर चार दिवसांची परिवर्तित रजा लागते आणि खात्यातून आठ दिवस जातात, त्यांतील दोन त्या सुट्टीच्या दिवसाचे असतात. हेच दिवस त्याने नैमित्तिक रजेत काढले असते, तर मधली सुट्टी मोजली गेली नसती. अंगावर काढता येईल असे दुखणे किरकोळ रजेत दडवण्याकडे आणि प्रमाणपत्र टाळण्याकडे कर्मचाऱ्यांचा कल का असतो, याचे एक कारण या नियमांतच सापडते.

युरोपातील न्यायालयांनी हा गुंता अधिक विचारपूर्वक सोडवला आहे. माद्रिद शहरातील रस्त्यांवरची वाहने उचलून नेणाऱ्या कंपनीतील पेरेडा नावाच्या कामगाराला २००७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये वार्षिक सुट्टी ठरवून दिलेली होती. त्याआधीच अपघात होऊन सुट्टीचा जवळजवळ सारा काळ तो कामास असमर्थ राहिला आणि कंपनीने दुसरा काळ देण्यास नकार दिला. १० सप्टेंबर २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने ही सुट्टी त्याला नंतर मिळालीच पाहिजे असा निर्णय दिला, कारण वार्षिक सुट्टी विश्रांती व विरंगुळ्यासाठी असते आणि आजारपणाची रजा बरे होण्यासाठी असते. सुट्टी सुरू झाल्यानंतर आलेल्या आजारपणालाही हाच न्याय २०१२ मध्ये लावला गेला. जर्मनीच्या १९६३ च्या रजा कायद्यात प्रमाणपत्र असलेले आजारपणाचे दिवस वार्षिक सुट्टीत न मोजण्याची तरतूद आहे. पण तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने जादा कामाच्या बदल्यात मिळालेल्या मोकळ्या दिवशी कामगार आजारी पडला, तर तो दिवस परत देण्यास नकार दिलेला आहे. कामातून मोकळे करणे एवढेच मालकाचे कर्तव्य आहे आणि मोकळ्या वेळेचा उपभोग ही कामगाराची जोखीम आहे, अशी त्यामागील भूमिका आहे. ती आठवड्याच्या साध्या ऑफला लावता येईल. सी-ऑफला लावणे पटत नाही, कारण सी-ऑफ हा पूर्वी केलेल्या कामाचा मोबदला आहे आणि तो देण्याची वेळ बहुधा मालकाच्या सोयीनेच ठरते.

भारतात याहून मूलभूत उणीव राहिली आहे. आजारपणामुळे झालेली गैरहजेरी सेवाकाळातच धरावी आणि आजारपणाचे दिवस वार्षिक सुट्टीत मोजू नयेत, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७० चा पगारी सुट्टीविषयीचा करार भारताने स्वीकारलेला नाही. कारखाना कायद्यात वार्षिक रजेसाठी २४० दिवसांची अट पूर्ण करताना टाळेबंदीसदृश ले-ऑफचे आणि प्रसूती रजेचे दिवस धरले जात, आजारपणाचे दिवस धरले जात नसत. क्षयाने किंवा कावीळीने तीन-चार महिने अंथरुणाला खिळलेल्या कामगाराची पुढील वर्षाची भरपगारी रजा त्यामुळे हातची जाई. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आहे आणि ही सुधारणा मनापासून स्वागतार्ह आहे. आजारपणाचे दिवस धरण्याचे तत्त्व मात्र तिच्यातही आलेले नाही.

या सगळ्याचा भार उचलणारा एक वर्ग कायम दुर्लक्षित राहतो, तो आजारी माणसाच्या जागी उभा राहणाऱ्यांचा. मुंबईच्या गिरण्यांत त्यासाठी बदली कामगारांची फौज असे. पाळी सुरू होताना ते दाराशी उभे राहत आणि कोणी गैरहजर राहिला तरच त्यांना त्या दिवसाचे काम मिळे. कामगार नेमणाऱ्या जॉबरची मर्जी आणि लाचलुचपत यांना आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आली, तरी बदलीची अनिश्चितता संपली नाही, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात बदली कामगारांना कायम करण्याची मागणी ठळक होती. आज ती फौज नाही आणि तिचे काम ‘डबल’ नावाच्या प्रथेवर आले आहे. खाजगी सुरक्षा रक्षकाचा रिलीव्हर आला नाही की बारा तासांची ड्युटी चोवीस तासांची होते. वॉर्डातील नाइटच्या परिचारिकेची जागा घेणारी सहकारी आजारी पडली की तिला सकाळची पाळी पुढे ओढावी लागते. आजारी माणूस तेव्हा फोन करताना कचरतो, कारण आपल्या तापाची किंमत कोणाला मोजावी लागणार हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणून ताप अंगावर घेऊन तो कामावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात २००७ मध्ये केला आणि २०१९ मध्ये तो कायम ठेवला. अशा कामात विश्रांतीचा दिवस ही आरोग्याची गरज आहे, आणि तो दिवस वारंवार हिरावला जाणे हेच पुढच्या आजारपणाचे एक कारण ठरते.

कायद्यात बदल होईल तेव्हा होईल, पण यातील बराचसा अन्याय करारात आणि स्थायी आदेशात चार ओळी घालून दूर होऊ शकतो. आजारपणाच्या दिवसाला मागाहून ऑफ ठरवता येणार नाही. ऑफच्या दिवशी बोलावल्यास त्या आठवड्याचे तास कितीही भरोत, दुप्पट दर मिळेल. पगार २६ ने भागला असेल तर मधला ऑफ कापला जाणार नाही. प्रमाणपत्र असलेल्या आजारपणात आलेला सी-ऑफ परत मिळेल. या ओळी मागण्यासाठी संप करावा लागत नाही, परंतु त्या मागण्यापूर्वी प्रत्येक चोवीस तासांच्या जागेमागे किती माणसे नेमली आहेत, हा आकडा व्यवस्थापनाकडून लेखी घेणे आवश्यक आहे, कारण साडेतीन माणसांच्या हिशोबावर चालणाऱ्या जागी उत्तम करारही पाळला जाऊ शकत नाही. पाळीत काम करणाऱ्या वाचकांनी आपल्या ड्युटी लिस्टची प्रत किंवा छायाचित्र दर महिन्याला जपून ठेवावे आणि आजारपणानंतर आलेल्या पगारपत्रकाशी ते ताडून पाहावे. बुडवलेल्या ऑफचा वाद कामगार आयुक्तांच्या कचेरीत गेला, तर आधी छापलेली ड्युटी लिस्ट आणि नंतर भरलेला हजेरीपट यांतील तफावत हाच कामगाराच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.